गणिताचा निर्वाळा

पी. व्ही. सी. नांवाचें प्लास्टिक मूळचें कडक असतें. त्यास मऊपणा यावा म्हणून त्यांत जीं द्रव्यें मिसळतात, त्यांत थॅलेटांचा वर्ग प्रमुख होय. हीं द्रव्यें प्लास्टिकशीं रासायनिक बंधानें जोडलेलीं नसतात. भाडेकऱ्यांप्रमाणें राहतात, आणि तेल, उष्णता किंवा रक्त यांचा संग घडला कीं बाहेर पडतात. गाभण उंदरांना यांपैकीं कांहीं थॅलेटें मोठ्या मात्रेनें दिलीं असतां नर गर्भांतील टेस्टोस्टेरॉन घटतें, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. माणसांवर असा प्रयोग करणें कोणासही रुचणार नाहीं. तेव्हां माणसाला किती मात्रा अपायकारक, हें ठरवावयाचें कसें?

येथें संगणक मदतीस येतो. यकृत, मेद, रक्त, मूत्रपिंड असे शरीराचे भाग कल्पून प्रत्येकांत द्रव्य किती वेगानें शिरतें व निघतें, याचीं समीकरणें मांडितात. दुसरी रीत अशी कीं, नव्या द्रव्याच्या रेणूची घडण पाहून, तशाच घडणीच्या जुन्या द्रव्यांवरून त्याचा स्वभाव ताडावयाचा. आमच्या नैयायिकांना यांत नवल वाटलें नसतें. पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करावयाचें, तर धूर व अग्नि स्वयंपाकघरांत एकत्र पाहिलेले असावे लागतात. जेथें व्याप्तीच ठाऊक नाहीं, तेथेंही संगणक उत्तर देतोच, व तेंही दशांशचिन्हासह! प्रामाणिक गणिती म्हणूनच आपल्या गणिताची हद्द आधीं सांगतो.

परंतु आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. उंदरांना निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेस शंभरांनीं भागण्याची जुनी वहिवाट आहे: दहा, उंदीर व माणूस यांतील अंतरासाठीं, आणि दहा, माणसामाणसांतील फरकासाठीं. हे शंभर म्हणजे मुख्यतः सावधगिरीचा आंकडा होय. किती सावध असावें, हें शास्त्र एकटें सांगूं शकत नाहीं. प्लास्टिकांतीलच, पण मऊपणासाठीं नसलेलें, बिस्फेनॉल-ए हें द्रव्य घ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा-संस्थेनें त्याची रोजची सह्य मात्रा २०१५ सालीं शरीराच्या दर किलोमागें ४ मायक्रोग्रॅम धरिली होती. २०२३ सालीं ती ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजारपटींनीं खालीं आणिली. त्याच वर्षीं जर्मनीच्या सरकारी संस्थेनें २०० नॅनोग्रॅम ही मात्रा ठरविली. दोन्हींकडे तज्ज्ञच, आणि अंतर हजारपटींचें!

मग संशयाचा फायदा कोणास द्यावा? रक्ताच्या पिशवींतील डी. ई. एच. पी. हें थॅलेट रक्तांत उतरतें, पण तेंच तांबड्या पेशींना अधिक काळ टिकवितें. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला रक्त देतांना धोका व लाभ दोन्ही त्याच बालकाचे. तेथें वैद्य धोका पत्करतो तो त्याच्याचसाठीं. खेळण्याची गोष्ट वेगळी. तेथें लाभ विकणाराचा व धोका चोखणाऱ्या बाळाचा असतो.

अमेरिकेनें २००८ च्या कायद्यानें मुलांच्या खेळण्यांतील तीन थॅलेटें ०.१ टक्क्यावर कायमचीं बंद केलीं, आणि आणखी तीन तात्पुरतीं बंद करून त्यांची छाननी तज्ज्ञमंडळाकडे सोंपविली. २०१७ सालीं निर्णय झाला: त्या तिहींपैकीं एकावरील बंदी कायम राहिली, दोन मोकळीं झालीं. छाननी चालूं होती तोंवर थांबावें लागलें तें मालाला, मुलांना नव्हे. हा क्रम आम्हांस न्याय्य वाटतो.