खिडकी

2006च्या शरद ऋतूत शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने सगळ्या शहराला एकत्र वाचायला झुंपा लाहिरींचा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ हा कथासंग्रह निवडला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदात थोडा मालकीहक्कही होता. परदेशात आलेली बायको, डब्यातून आणलेले मसाले, गावाकडच्या पत्राची वाट पाहणं, हे सगळं आमचं होतं. आता सारं शहर ते वाचणार होतं आणि कुठे अडलं तर आम्हांला विचारणार होतं.

उपक्रमाची मला ओळख होती. मूळ कल्पना सिएटलची. तिथल्या ग्रंथालयातल्या नॅन्सी पर्ल यांनी 1998मध्ये रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी गावाने मिळून वाचावी म्हणून पुढे ठेवली. शाळेच्या बसला अपघात होऊन एका लहानशा गावातली मुलं जातात आणि चौघे जण आपापल्या परीने त्याची हकीकत सांगतात, अशी ती कादंबरी. शिकागोने 2001मध्ये हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’पासून सुरुवात केली. तेव्हा मी शहरात नवी होते. पुस्तक ऑगस्टअखेरीस जाहीर झालं आणि चर्चांना रंग चढत असतानाच सप्टेंबरची अकरा तारीख उजाडली. एका निरपराध माणसावर केवळ त्याच्या रंगामुळे ठेवलेल्या आरोपाची ती गोष्ट. त्या आठवड्यांत बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात ती दिसली की मला उगाच धीर वाटायचा.

काम साधं असतं. ग्रंथालय पुस्तक निवडतं, जास्तीच्या प्रती घेऊन शाखाशाखांत ठेवतं, चर्चेसाठी प्रश्नांची पुस्तिका काढतं आणि लोकांना बोलावतं. सक्ती नाही, परीक्षा नाही. हॅरल्ड ब्लूम यांच्यासारख्या मोठ्या समीक्षकाला हे सामूहिक वाचन रुचलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये तर 2002 साली कोणतं पुस्तक घ्यावं यावरच फाटे फुटले. आक्षेप मला कळतो. वाचणं हे एकट्याने करायचं काम आहे, असं मीही मानत आले होते.

तसं म्हणायला मला खरं तर अधिकार नव्हता. माझं पहिलं वाचन म्हणजे ऐकणंच होतं, आणि तेही दहा जणींत बसून. रत्नागिरीला आजीकडे चातुर्मासात दुपारी पोथी लागायची, श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’. आजी वाचायची आणि आळीतल्या बायका वाती वळत ऐकायच्या. पोथी मिटली की बोलणं सुरू. द्रौपदीने हसायला नको होतं असं एकीने म्हटलं की दुसरी लगेच उसळायची. द्रौपदीचं नाव घेऊन त्या आपल्या घरातलं बोलत असत, हे मला फार उशिरा समजलं. सासूचं नाव घेता येत नाही, धृतराष्ट्राचं घेता येतं. पोथी मध्ये नसती तर त्या बायका एकमेकींशी इतकं खरं बोलल्या असत्या का, याची मला शंका आहे. दिवाळी अंकही आपल्याकडे ग्रंथालयातून असेच गावभर फिरतात. एकाने परत केला की दुसऱ्याकडे, असं दोन महिने चालतं. पण त्यावरचं बोलणं देवघेवीच्या टेबलापाशी होतं तेवढंच.

तर आमच्या शाखेत एका शनिवारी दुपारी लाहिरींच्या संग्रहातल्या ‘मिसेस सेन्स’ या कथेवर चर्चा होती. प्राध्यापकाची बायको असलेल्या मिसेस सेन घरी अकरा वर्षांच्या एलियटला सांभाळतात. गाडी चालवायला त्या घाबरतात आणि ताज्या मासळीसाठी झुरतात. जमिनीवर बसून भारतातून आणलेल्या पात्यावर भाज्या चिरतात. ते पातं म्हणजे आपली विळी. बाकीच्यांना तिची कल्पना येईना असं आधीच्या बैठकीत दिसलं होतं, म्हणून मी घरची विळी जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळून पिशवीतून नेली. ग्रंथपाल बाईंची परवानगी घेतली आणि फरशीवर बसून एक काकडी चिरून दाखवली. एक पोलिश आजी खुर्ची सोडून माझ्याशेजारी खाली बसल्या. त्यांच्या गावात हिवाळ्याआधी साऱ्या बायका एका घरी जमून पिंपभर कोबी किसत आणि आंबवायला घालत. रात्रभर गाणी चालायची, म्हणाल्या. इथे आल्यावर कोबी बरणीतला, दुकानातून. एवढं बोलून त्यांनी पात्याच्या पाठीवरून, धार टाळून, हळूच बोट फिरवलं.

मी सुखावले. माझं काम झालं असं मला वाटलं.

मग कोपऱ्यातले एक कृष्णवर्णीय गृहस्थ बोलू लागले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना विळीत रस नव्हता. त्यांनी पुस्तक उघडून बसमधला प्रसंग काढला. मिसेस सेन आणि एलियट मासळी घेऊन परतत असतात. वास येतो अशी एक म्हातारी तक्रार करते, तेव्हा चालक मागे वळून मिसेस सेनना विचारतो की इंग्रजी येतं का, पिशवीत काय आहे. मग मुलाला म्हणतो, खिडकी उघड. एवढंच. चालक ओरडत नाही, उतरवत नाही.

“हा मी आहे,” ते म्हणाले. “असं मी कितीदा विचारलं असेल, मोजलं नाही. तक्रार आली की मिटवायची, बस वेळेवर न्यायची. मी सभ्यपणे वागलो असंच मला वाटायचं. ती बाई पुढे कुठे उतरली, घरी जाऊन काय केलं, हे या पुस्तकाने मला पहिल्यांदा दाखवलं.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि माझी आईसुद्धा बसमध्ये मागे बसायची. दक्षिणेत.”

कोणी काही बोललं नाही. ग्रंथपाल बाईंनी पुढचा प्रश्न विचारायची घाई केली नाही, याबद्दल मला अजून त्यांचं कौतुक वाटतं.

मी ती कथा चार वेळा वाचली होती. चारही वेळा मिसेस सेनच्या जागी बसून वाचली होती. दुसरी जागा मला सुचलीच नव्हती. त्या दिवशी बसने घरी येताना मांडीवर विळीची पिशवी होती आणि मला रत्नागिरीची दुपार आठवली. नारळी पौर्णिमा उलटून गेलेली, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागलेल्या. पोथी चाललेली असताना बोळातून मासळीवालीची हाक यायची. आजी पानावरून नजर न काढता मला म्हणायची, “खिडकी लोटून घे गो.” मी उठून लोटायची. त्यात राग नव्हता, शिवी नव्हती. रोजचं काम होतं, जसं दिवा लावणं. ती मासळीवाली कधी कधी बाहेर कट्ट्याला पाठ टेकून टोपली उतरवायची, हेही आठवलं. तिला आतली पोथी ऐकू येत असेल. खिडकी लोटल्यावर येत नसेल.

एलियटला खिडकी उघडायला सांगितली, मला लोटायला. वय साधारण तेच.

आजीच्या त्या बैठकीवर माझा जीव आहे, अजूनही आहे. पण तिथे बसलेल्या सगळ्या एकाच आळीच्या, एकाच जातीच्या होत्या. द्रौपदीवरून कितीही भांडल्या तरी खिडकीबद्दल कोणी बोललं नसतं, कारण ती सगळ्यांच्याच घरी लोटली जायची. ते बोलायला कोपऱ्यातला तो माणूस लागला, ज्याचा माझ्याशी त्या पुस्तकापलीकडे काही संबंध नव्हता. घरी एकटीने वाचून मी मिसेस सेनच राहिले असते.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका शाखेत त्याच कथेवर बैठक होती. विळी आणाल का, असा निरोप आला. मी येते म्हणून कळवलं, विळी घरी ठेवली, आणि माझी पाळी आली तेव्हा त्या बोळातल्या खिडकीपासून सांगायला सुरुवात केली.