ओलांडायचं कुठून?

बागेतल्या छोट्या रेल्वेची पाच इंजिनं झाली तुझी. सहाव्याची चौकशी चालू आहे म्हणे. आणि लेस्टरच्या त्या बागेत कपडे वाळत घालायला जायचं, तर तुझ्या बायकोने भरलेली बादली घेऊन रुळांवरून ढांग टाकायची? तुझ्या आईंनी काठी टेकत पाय कुठे ठेवायचा? सांग ना. “जपून या” हे उत्तर नव्हे. ज्याने काम केलेलं नसतं, तोच “जपून या” म्हणतो.

दोन वर्षं वेळ नाही म्हणतोस. सिग्नलला दिवे लावायला बरा वेळ होता! फलाटावर बोटभर उंचीची माणसं चिकटवायला होता. त्या प्लॅस्टिकच्या माणसांसाठी पादचारी पूलसुद्धा बांधलास. हाडामांसाच्या माणसांनी मात्र उड्या मारायच्या.

दुसरं कारण पाऊस. इंग्लंडात पाऊस पडतो हे तुला आत्ता कळलं का? आणि तिसरं, तुझं लाडकं: “एकदा वाट करून पाहिली सर, पण गाडी रुळावरून उतरली.” उतरणारच. पाइनची फळी दोन रुळांमध्ये घट्ट ठोकून बसवलीस. चाकाच्या आतल्या कडेने जायचं कुठून? कोरड्या दिवशी जेमतेम गेली असेल. पहिल्या पावसात फळी फुगली आणि उरलीसुरली फटही मिटली. यात रुळाचा काय दोष, गाडीचा काय दोष? नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि माहीत नव्हतं असं मला तरी सांगू नकोस. डिप्लोमाला रेल्वेचा पेपर माझ्याकडे होता. ब्रॉडगेजच्या फाटकात रूळ आणि त्याच्या आतला चेक रेल यांच्यामध्ये किमान ५१, कमाल ५७ मिलिमीटर फट, खोली किमान ३८. आकृती काढून मार्क घेतलेस ना? मग रूळ लहान झाले की नियम रजेवर जातात? तुझं गेज ४५ मिलिमीटर. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण ४०. म्हणजे मधली पट्टी त्याहून अरुंदच हवी. ३६ ची घे, दोन्हीकडे साडेचार-साडेचार सुटतील. माथा रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खाली, नाहीतर इंजिनाच्या पोटातली गिअरची पेटी घासेल. वाट सरळ रुळावर काढ. वळणावर नको, सांध्यावर तर नकोच. पाच मिनिटांचं गणित आहे हे. दोन वर्षं लागली नसती.

बरं, वजनाचा विचार केलास? माणसाचा भार त्या प्लॅस्टिकच्या स्लीपरवर टाकायचा नसतो. उन्हापावसाने ते आधीच ठिसूळ झालेले असतात. दोन्ही अंगांना दगडी लाद्या घाल, त्यांच्याखाली खडी चांगली धुमसून घे. बूट लादीवर पडावा, भार जमिनीत जावा. लादी रुळाला खेटवू नकोस, चाकाची धाव रुळाच्या बाहेरही थोडी डोकावते. आणि पाण्याला वाट दे. रूळ तळ्यात बसवायचे नाहीत, हेही आता मीच सांगायचं?

मागे म्हणालास, “सिमेंट ओतून टाकतो, एकदाची कटकट मिटेल.” मिटेल कसली? हा आळसाचा शॉर्टकट झाला. पितळी रूळ आहेत तुझे. तापमान तीस अंशांनी वाढलं तर दहा मीटरचा रूळ साडेपाच-सहा मिलिमीटर लांबतो. सिमेंटात पकडून ठेवलास तर तो लांबणार कुठे? वाटेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे वाकेल, आणि तू पुन्हा गाडीलाच नावं ठेवशील. आत एखादा जोड सैल झाला तर काय, छिन्नी-हातोडा घेऊन बसणार? पट्टी उचलून काढता आली पाहिजे. खाचेत पानं अडकतात, खडे अडकतात. ब्रश फिरवायचा असतो. आणि लोखंडी पट्टी दोन्ही रुळांना टेकेल अशी टाकू नकोस. इंजिनाला वीज रुळांतूनच येते, शॉर्ट होईल; हे तरी तुला वेगळं सांगायला नको.

तुला येत नाही असं असतं, तर मी एवढा बोललोच नसतो. खोक्यातून गाडी काढून पळवणं कोणालाही जमतं. तू मार्ग बांधायला शिकलास. जिथे रूळ आणि माणूस एकमेकांना आडवे येतात, तीच जागा नेमकी “नंतर बघू” म्हणून सोडलीस. का? तिथे टाळ्या पडत नाहीत म्हणून?

पुढचा उन्हाळा वगैरे काही सांगू नकोस. कॅलिपर आहे तुझ्याकडे. पाचांपैकी सगळ्यात लांब इंजिन उलटं करून टेबलावर ठेव. चाकांच्या आतलं अंतर मोज, कडेची खोली मोज. रविवारच्या आत मला कळव. फोटो नकोत. आकडे पाठव.