बोलून झाल्यावर

वडीलधाऱ्यांसमोर गप्प राहणे हा आपल्याकडे गुण मानला जातो. गुजरातीत ‘बोले तेनां बोर वेचाय’ अशी म्हण आहे आणि पांडेसऱ्यात दोन पिढ्या काढलेल्या खानदेशी माणसाला ती पाठ असते; पण बाजारातली ती म्हण मिलच्या फाटकातून आत येत नाही. आत ‘मास्टर सांगतील तसे’ हाच कायदा. या दुहेरी शिकवणीचा हिशेब कुठे ना कुठे चुकता होतोच. तो सर्वांत स्पष्ट लिहिलेला सापडतो विमान अपघातांच्या चौकशी अहवालांत, कारण तिथे माणसे गेली तरी त्यांचे शेवटचे बोलणे ध्वनिमुद्रित राहते.

१९ ऑक्टोबर १९८८ ची सकाळ. मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अहमदाबादला उतरत होते. हवा धूसर होती. दोन्ही वैमानिक धावपट्टी शोधण्यात गढून गेले आणि किती खाली आलो हे मोठ्याने म्हणायचे राहिले. १३५ पैकी १३३ माणसे गेली. इथे निदान कोणी कोणाचे ऐकले नाही असे तरी म्हणता येत नाही. पाहणारेच दोघे एकीकडे पाहत होते.

मंगळूरची गोष्ट वेगळी. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून घसरून दरीत कोसळले. १५८ जण गेले, आठ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाला आढळले की उतरण्याची पद्धत चुकत आहे हे सहवैमानिकाला कळले होते आणि ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, वर घ्या, असे त्याने तीनदा म्हटले होते. कप्तान प्रवासात बराच वेळ झोपलेले होते. म्हणजे कनिष्ठ बोलला होता.

इथे महाभारतातला विकर्ण आठवतो. द्यूतसभेत भीष्म, द्रोण माना खाली घालून बसले असता दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उठला आणि हे अधर्म आहे म्हणाला. कर्णाने त्याला पोरसवदा म्हणून गप्प केले. विकर्ण खाली बसला आणि पुढे कौरवांच्याच बाजूने लढून मेला. आपण त्याचे कौतुक करतो, आणि करावेच. पण बोलल्याने त्याचे कर्तव्य संपले का, हा प्रश्न कीर्तनकारही फारसा विचारत नाहीत.

भारत सरकारच्या चौकशी विभागाने तो २०२१ साली विचारला. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री पावसात कोळिकोडला उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपलीकडे कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कप्तान दीपक साठे हे हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, मराठी माणूस. आपल्या घराघरांत त्या आठवड्यात त्यांचे नाव अभिमानाने आणि दुःखाने घेतले गेले. एकदा उतरण्याचा प्रयत्न सोडून त्यांनी विमान वर घेतलेही होते. परत फिरणे त्यांना अवघड नव्हते. दुसऱ्या खेपेस वारा पाठीमागून होता आणि जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कोळिकोडहूनच विमान घेऊन निघायचे होते, या ओढीचीही नोंद अहवालात आहे. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी ‘गो अराउंड’ म्हटले होते. तरीही अपघाताच्या संभाव्य कारणात अहवालाने कप्तानांच्या चुकीच्या जोडीला, सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही, हेही लिहिले.

हे वाक्य प्रथम वाचताना निर्दय वाटते. जो बोलला, आणि जो स्वतः त्यात गेला, त्याच्यावर ठपका? शिवाय जमिनीलगत दोघांनी दोन दिशांनी ओढाओढ केली तर ती स्वतंत्र आपत्ती. पण अहवालाचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे असेच मला वाटते. मागे बसलेल्यांना दुसरा वैमानिक दिलेला असतो तो केवळ सल्ला देण्यासाठी नव्हे. माझे भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याच्या हाती आपली पुढची बढती, त्याच्या हातून दांडा घ्यायचा हा निर्णय काही सेकंदांत घेता येत नाही. तो आधी, जमिनीवर, शांतपणे घेतलेला असावा लागतो. आणि तो घेण्याची मुभा कनिष्ठ स्वतःला देऊ शकत नाही, ती वरिष्ठानेच द्यावी लागते. अमेरिकेत १९७८ साली पोर्टलँडजवळ एक विमान, कप्तान चाकांच्या बिघाडात गुंतल्यामुळे, इंधन संपून पडले. इंधन सरत आल्याचे सोबत्यांनी सांगितले होते, पण अदबीने. त्यानंतर वैमानिकांना एकत्र बसवून बोलण्याचे आणि ऐकण्याचे शिक्षण सुरू झाले. त्यातली ऐकण्याची बाजू अजून कच्ची दिसते.

पांडेसऱ्याच्या डाइंग खात्यात जेट मशीनमध्ये पॉलिएस्टर १३० अंशांवर, दाबाखाली रंगते. दाब उतरण्याआधी झाकण उघडले तर काय होते ते तिथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. ‘मास्टर, प्रेशर बाकी छे’ असे पोरगा म्हणेलही. पण मास्टरचा हात झाकणाकडे गेलाच तर तो हात धरण्याची मुभा त्याला पाळी सुरू होताना कोणी दिली होती का? दिलेली नसेल, तर नंतर ‘तू धरला का नाहीस’ हे विचारणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावे.

या दिवाळीतही उधना-पांडेसऱ्याहून रात्री गाड्या भरून निघतील. सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट, पुढे साक्री, धुळे. चालवणारा बहुधा पाळी संपवून आलेला थोरला भाऊ असतो. त्याच्या शेजारची जागा मानाची, म्हणून ती जावईबापूंना किंवा आबांना दिली जाते. आणि ते सोनगडच्या आत झोपी जातात. मागे धाकटी वहिनी जागी असते, आरशात तिला थोरल्या दीरांचे मिटू लागलेले डोळे दिसत असतात.