बागेतली चौकशी

ओळखीच्या घरातलं मूल समोर आलं की आपल्या तोंडून ठरलेले प्रश्न निघतात. कितवीत आहेस? किती टक्के पडले? मोठेपणी कोण होणार? मूल सरावानं उत्तरं देतं आणि हळूच आईच्या मागे सरकतं. यात वाईट काही नाही. पण आपल्याला ते मूल कितीसं कळतं? त्याच्या काखेत पानं दुमडलेलं एखादं पुस्तक असतं, बोटांना रंग लागलेला असतो. ते आपल्याला दिसतं, तरी गाडी टक्क्यांवरच येते.

शंभरावर वर्षांपूर्वी मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक होते. शिवाजी महाराजांचं, तुकोबांचं, गौतम बुद्धाचं चरित्र लिहिणारा विद्वान माणूस. चर्नी रोडच्या बागेत त्यांना एक शाळकरी मुलगा पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसायचा. मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, शाळेतलाही नव्हता. तरी त्यांनी जवळ जाऊन त्याची विचारपूस केली आणि पुढे त्याला पुस्तकं पुरवली. मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. लहानपणी शाळेत त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं होतं. तहान लागली तरी शिपायानं नळ सोडून दिल्याशिवाय पाणी मिळत नसे. मोठ्या माणसांचं असं वागणं पाहिलेल्या मुलाशी एक मोठा माणूस आपण होऊन बोलायला आला होता.

पुढे भीमराव परीक्षा पास झाला, तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करायचा होता. वडील, सुभेदार रामजी, साफ नाही म्हणाले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. (परीक्षा पास होण्यापलीकडे त्यानं काय केलंय, असंही ते म्हणाले. असे वडील अजूनही घरोघरी आहेत.) शेवटी लोकांनी केळुसकरांना मध्ये घातलं, तेव्हा कुठे सुभेदार राजी झाले. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवलं. त्यानं ते मन लावून वाचलं आणि मग वडिलांनाच जाब विचारला, की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावलंत, मग बुद्ध का नाही दाखवलात? १९५६ साली आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही हकीकत लिहिली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मधल्या काळात कॉलेजचं शिक्षण पैशांवाचून अडलं, तेव्हा त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेणारेही केळुसकरच. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण पुढे चाललं.

हे सगळं सांगताना बहुतेक जण पुस्तकाच्या भेटीवर थांबतात. मला मात्र बागेतली चौकशी जास्त मोलाची वाटते. ती झाली नसती तर पुस्तक द्यायचं कुणाला, हेच केळुसकरांना कळलं नसतं. चौकशी करायला पैसा लागत नाही, विद्वत्ता तर नाहीच नाही. एरवी जिथे नजर टाकून पुढे जातो, तिथे जरा थांबावं लागतं, एवढंच. आज कामावर निघताना जिन्यात, बसथांब्यावर, भाजीच्या गाड्यामागे एखादं पोर वहीत काही गिरवताना दिसेल. टक्के राहू द्यात. काय काढतोयस, काय वाचतेयस, हे विचारून बघा. आधी ते लाजेल, मग बोलायला लागलं की थांबायचं नाव घेणार नाही. तुमची एखादी बस जाईल. मागून दुसरी येतेच.