पाहणाऱ्यावरचे कर्तव्य

‘मौलाना, जंगल पाहायला जाणे, डोंगरात रात्र काढून तारे न्याहाळणे यात काही पुण्य आहे, की हा नुसता वेळेचा अपव्यय?’ तरुण मंडळी हा प्रश्न अधूनमधून विचारतात. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ या एका शब्दात देता येत नाही.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर दिव्य कुरआनमध्ये स्पष्ट आहे. सूरह गाशिया (८८:१७-२०) माणसाचे लक्ष उंट, आकाश, पर्वत आणि जमीन या चार गोष्टींकडे वेधते आणि त्यांच्या घडणीचा विचार करायला लावते. वाळवंटातल्या प्रवाशाच्या दृष्टीपुढे याच चार गोष्टी असतात. सूरह आलिइम्रान (३:१९०-१९१) आकाश व पृथ्वीच्या निर्मितीत आणि रात्रंदिवसाच्या बदलात बुद्धिमंतांसाठी निशाण्या असल्याचे सांगते. मराठीत ‘पाहणे’ आणि ‘न्याहाळणे’ असे दोन शब्द आहेत. पाहणे डोळ्यांचे काम आहे, न्याहाळण्यात मनही गुंतते. कुरआनला अपेक्षित आहे ते न्याहाळणे.

निसर्गाचे कौतुक करता करता माणूस निसर्गपूजेकडे तर वळणार नाही ना, अशी शंका काहींना येते. तिचे उत्तर ह. इब्राहीम (अलै.) यांच्या प्रसंगात आहे (६:७५-७९). त्यांनी तारा पाहिला, चंद्र पाहिला, सूर्य पाहिला. प्रत्येक मावळला आणि त्यांची दृष्टी मावळणाऱ्यांकडून निर्मात्याकडे वळली. तौहीदपर्यंतचा हा प्रवास आकाश न्याहाळण्यातून झाला. आकाशाकडे पाहूच नये, असा बोध त्यातून निघत नाही.

आता प्रश्नाचा दुसरा, अधिक अवघड भाग. जे पाहिले, त्याच्याविषयी पाहणाऱ्यावर काही कर्तव्य येते काय?

अरबस्तानच्या वायव्येस अल-उला परिसरात हिज्रची वाळवंटी खोरी आहे. खडकांत कोरलेल्या तिथल्या वास्तूंना २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. इस्लामी परंपरेत हा प्रदेश समूद या राष्ट्राच्या वस्तीचा मानला जातो. हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद (स.) येथून गेले, तेव्हा त्यांनी सोबत्यांना या वस्तीत रडत, भयभीत अंतःकरणानेच प्रवेश करण्यास बजावले आणि स्वतः वेगाने पुढे निघून गेले. दृश्य भव्य होते, पण ते करमणुकीचे स्थळ नव्हते.

समूदचा अपराध कोणता होता? ह. सालेह (अलै.) यांना नाकारण्याबरोबरच त्यांनी एक उंटीण मारली. कुरआन सांगते की पाण्याची पाळी ठरलेली होती, एक दिवस उंटिणीचा आणि एक दिवस लोकांचा (२६:१५५). त्यांना ही वाटणी सहन झाली नाही. ती उंटीण अल्लाहची निशाणी होती. समूदने ती रोज डोळ्यांनी पाहिली आणि पाहून न पाहिल्यासारखे केले.

मराठवाड्यातल्या वाचकाला पाण्याची पाळी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत, १९८६ साली घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. तिथे बिबट्या, अस्वल, नीलगाय नांदतात. वैशाखात असल्या रानातले नाले कोरडे पडतात आणि जनावरांची सारी भिस्त मोजक्या पाणवठ्यांवर येते. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात राज्यातील अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजले जातात. रात्रभर न बोलता, न हलता बसावे लागते. प्राण्याच्या पाळीच्या वेळी माणसाने गप्प राहायचे, एवढीच तिथली शिस्त. समूदला नेमके हेच जमले नाही.

‘माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे जनावरांची चिंता कशाला?’ हा आक्षेप पोकळ नाही. टँकरमागे धावणाऱ्या आई-बहिणींसमोर तो खोडून काढण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु हिज्रच्या वाटणीत लोकांचा दिवस काढून घेतलेला नव्हता, तो होताच. मागणी फक्त इतकी होती की दुसऱ्याचाही दिवस असावा. जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी तुमच्यासारखेच समुदाय आहेत, या आशयाची आयत (६:३८) हाच हक्क अधोरेखित करते. प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली आणि ती कासावीस होऊन घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती पिल्ले परत ठेवायला लावली. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे.

रात्रीचेही तसेच. कुरआनने रात्रीला वस्त्राची उपमा दिली आहे (७८:१०). हे वस्त्र आपण दिव्यांनी फाडत आहोत. पुंडलिकनगरच्या गच्चीवरून आज मोजकेच तारे दिसतात. रमजानची चंद्रकोर आकाशात शोधण्याऐवजी आपण ती मोबाईलवर शोधतो. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार राखून ठेवण्यासाठी राखीव जागा लागावी, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. अकारण जळणारा दिवा हा इस्राफ, म्हणजे उधळपट्टीच आहे. त्यात वीज वाया जाते आणि इतरांच्या वाट्याची रात्रही वाया जाते.

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे: अवश्य जा, पण पाहुण्यासारखे जा. कन्नडच्या घाटात गाण्यांचा गोंगाट करू नका, प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाशझोत टाकू नका, पाणवठ्याजवळ कचरा टाकू नका. मशिदींच्या विश्वस्तांना विनंती, की इशाच्या नमाजनंतर बाहेरचे अनावश्यक दिवे मालवावेत आणि वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांना द्यावे. या गोष्टी लहान आहेत, पण अमानतीची परीक्षा लहान गोष्टींतच होते. जो पाहतो, त्याला आपण पाहिले नव्हते असे उद्या अल्लाहसमोर म्हणता येणार नाही.

अल्लाह आपल्याला न्याहाळणारी दृष्टी देवो आणि जे न्याहाळले त्याचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.