कोरडे लाकूड वाकत नाही



दरवर्षी नाताळचा गोठा मी स्वतः तयार करतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याच भरवशावर एका आईने गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एक खोके आणून ठेवले. "फादर, हिच्या मावशीने परदेशातून पाठवलंय. आमच्याने काही जुळत नाही. तुम्हीच बघा."

खोक्यात बाहुलीच्या घराचे सुटे भाग होते. खऱ्या घराचा एक फूट म्हणजे इथे एक इंच, असे माप. राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण झालेले प्रसिद्ध बाहुलीघर याच मापाचे आहे. नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लट्यन्स यांनीच त्याचा आराखडा केला होता.

भिंती, जिना, खिडक्या दोन संध्याकाळींत उभ्या राहिल्या. अडचण आली ती छपराची. छप्पर सरळ उतरते नव्हते, पुढच्या बाजूला गोलाई घेत खाली येत होते. खाली कमानीच्या आकाराच्या चार फासळ्या आणि त्यांवर बसवायची पातळ प्लायवूडची फळी. सूचनापत्रातल्या चित्रात ती फळी आधीच वाकलेली दाखवली होती. ती वाकवायची कशी, हे कुठेच नव्हते. मी फासळ्यांना फेव्हिकॉल लावला, फळी ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली. कट्ट! मधोमध तडा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर मी तो तुकडा आपल्यातल्या एका वृद्ध सुतारकाकांना दाखवला. त्यांचे आयुष्य होड्या बांधण्यात गेले. ते हसले. "फादर, कोरडं लाकूड एका दमात वाकवलंत, मग ते मोडणारच. आधी त्याच्या रेषा बघा. बांबूचा पडदा काड्यांच्या अंगाने गुंडाळतो ना? लाकडाचंही तसंच असतं."

त्यांनी रेषा पाहून दुसरी फळी कापून दिली. ती आम्ही अर्धा तास गरम पाण्यात ठेवली. "जास्त नको, नाहीतर पदर सुटतील," ते म्हणाले. मग ती पत्र्याच्या डब्याभोवती हळूहळू वळवून कापडाच्या पट्ट्यांनी बांधली. डबा छपराच्या गोलाईपेक्षा थोडा लहान निवडला होता, कारण सुटल्यावर लाकूड थोडे मागे फिरते. रात्रभर ती सावलीत सुकली. सकाळी पट्ट्या सोडल्या तेव्हा फळीला गोलाई आली होती. फासळ्यांवर ती जणू आपणहून बसली.

बंधूभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण छपराच्या आधी मी आणखी एक गोष्ट मोडली होती.

दृढीकरणाच्या वर्गाला तीन वेळा गैरहजर राहिलेल्या मुलाला यंदा संस्कार मिळणार नाही, हा नियम मी केला आहे. एक मुलगा तिसऱ्यांदा चुकला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा सर्वांसमोर मी त्याला म्हणालो, "तुला देवापेक्षा झोप प्यारी दिसते." तो काही बोलला नाही. तेव्हापासून तो चर्चला आलेला नाही. वडील आजारी असल्याने तो पहाटेच्या गाडीने आईबरोबर दादरला फुले विकायला जात होता, हे मला नंतर कळले. मी विचारलेच नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दाखला मी परीक्षेपुरता पाठ केला होता. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वळत असे. कायदा सर्वांसाठी एकच असतो, पण माणसांचे प्रसंग वेगवेगळे असतात. म्हणून न्याय करणाऱ्याला अशी पट्टी लागते, असे तो सांगतो. मला उत्तराचे गुण मिळाले होते. अर्थ कळायला बाहुलीचे घर यावे लागले.

याचा अर्थ नियम नकोत, असा नाही. त्या छपराच्या फासळ्या तसूभरही वाकल्या नाहीत. त्या वाकल्या असत्या, तर छप्पर कोसळले असते. आकार तोच राहिला, बदलली ती फक्त तिथवर पोहोचण्याची रीत. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशू कसा वागला, ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पाहा. तिच्या आयुष्यातले सत्य त्याने झाकले नाही. पण आधी तो तिच्याजवळ बसला, तिच्याकडे पाणी मागितले, तिचे ऐकून घेतले. सत्य त्यानंतर आले, म्हणून ते तिला पेलले.

आपल्या घरांतही हेच घडते. लेकाचा अभ्यास, सुनेची रीत, म्हाताऱ्या वडिलांचा हट्ट. आपले म्हणणे बरोबर असते आणि तरीही आपण कोरडी फळी दाबत असतो. मग कट्ट असा आवाज येतो आणि वर्षानुवर्षे अबोला राहतो.

मंगळवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. सर्वांसमोर दुखावले होते, म्हणून घरच्यांच्या परवानगीने आज सर्वांसमोरही मागतो. तो दारात उभा होता. "बघू, फादर," एवढेच म्हणाला. ते मला मान्य आहे. लाकूड सुकायलाही रात्र लागते.

ज्या मुलांना रविवारी येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी या आठवड्यापासून बुधवारी संध्याकाळी सात वाजता दृढीकरणाचा वर्ग घेईन. कारण विचारले जाईल, पण एकांतात.

या आठवड्यात आपल्या घरातल्या एका माणसाला बोल लावण्याआधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेला प्रभू आपल्या हातांना तेवढा धीर देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू