बिलोलीला कोणी विचारले होते?

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पुन्हा तापलेला असताना नांदेड जिल्ह्याच्या सरहद्दीवरून वेगळाच सूर ऐकू आला. बिलोली, धर्माबाद, देगलूर या पट्ट्यातल्या काही गावांनी आपल्याला तेलंगणात जायचे असल्याचे सांगितले. मागणी नवी नव्हती, २०१८ पासून ती अधूनमधून डोके वर काढत होती. कारणही उघड होते. मे २०१८ मध्ये तेलंगणाने ‘रयतू बंधू’ योजना सुरू केली. दर हंगामाला एकरी चार हजार रुपये, तेही पेरणीच्या तोंडावर. त्याच वर्षाच्या आरंभापासून तिथे शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळू लागली. येसगीचा पूल ओलांडला, मांजरा मागे टाकली की सालुरा आणि पुढे बोधन. अलीकडचा शेतकरी रात्रपाळीच्या लाइटीची वाट बघत मोटारीपाशी जागा असतो आणि पलीकडचा मेहुणा फोनवर सांगतो, खात्यात पैसे पडले. रोटीबेटीचा व्यवहार दोन्ही तीरांवर. भाषा दोघांच्याही तोंडी मराठी आणि तेलुगू. मग सरकार तेवढे वेगळे का, असा प्रश्न पडणारच.

मुंबई-पुण्यात यावर दोनच प्रतिक्रिया उमटल्या. कोणी याला शेजारच्या राज्यातल्या पक्षाची फूस म्हटले, कोणी महाराष्ट्रद्रोह. या गावांनी विचारलेला प्रश्न राज्यशास्त्रातला जुनाच आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आपण अमुक राज्याचे, हे नेमके कोणाच्या संमतीने ठरले?

सामाजिक कराराचा सिद्धान्त याच प्रश्नातून जन्मला. हॉब्जने १६५१ मध्ये मांडले की जिवाच्या भीतीपोटी माणसे एकमेकांशी करार करतात आणि सारी सत्ता एका सार्वभौमाच्या हाती देतात. सार्वभौम स्वतः त्या करारात पक्षकार नसतो, म्हणून तो करार मोडला असा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. लॉकने १६८९ मध्ये ही मांडणी उलटी केली. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क राज्याच्या आधीचे. ते राखायला राज्य निर्माण झाले. ते राखत नसेल तर त्याला हटवण्याचा अधिकार लोकांकडेच राहतो. ४ जुलै १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्यात जेफर्सनने हाच विचार थोडक्यात गोवला. सरकारची न्याय्य सत्ता शासितांच्या संमतीतून येते, हे त्यातले मर्माचे वाक्य.

यावर डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्येच बिनतोड आक्षेप घेतला होता. ही संमती दिली कधी? झोपेत असताना ज्याला उचलून जहाजावर चढवले, तो जहाजावर राहिला म्हणून त्याने कप्तानाला मान्यता दिली असे म्हणायचे काय? उतरायचे तर समुद्रात उडी टाकावी लागेल.

खुद्द अमेरिकेलाही हा आक्षेप चुकला नाही. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेला ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवला नाही. पुढच्या वर्षी तिथल्या मतदारांनी राज्यघटना फेटाळली. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, २९ मे १७९० रोजी, ३४ विरुद्ध ३२ अशा काठावरच्या मतांनी त्या राज्याने संमती दिली. ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या राज्यघटनेतले सगळे लोक सुरुवातीला जागेवर नव्हतेच.

बिलोलीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. निजामाचे राज्य जवळपास हॉब्जच्या साच्यातले होते. सत्ता फर्मानाने चाले आणि फर्मानाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तिची मूळ मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे राज्यकर्त्याने प्रजेला उत्तर देण्याची. जून १९४७ मध्ये निजामाने इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम राहू असे जाहीर केले. प्रजेला विचारण्याचा प्रश्न त्याला पडला नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्याने जो लढा दिला, तो लॉकच्या भाषेत करार मोडणाऱ्या सत्तेविरुद्धचा उठाव होता. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरने त्याची किंमत मोजली. या लढ्याचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये तिथेच मारले गेले.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पण प्रजा पक्षकार झाली ती लगेच नव्हे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी दिल्लीत संविधान स्वीकारले गेले, तेव्हा घटना समितीत हैदराबाद संस्थानाचा एकही सदस्य नव्हता. त्याच्या वाट्याच्या जागा अखेरपर्यंत रिकाम्या राहिल्या. संविधान हैदराबादला लागू झाले ते तीन दिवस आधी निघालेल्या निजामाच्या फर्मानाने. ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांत बिलोलीचा, नांदेडचा, लातूरचा माणूस आला तो एका राजाच्या सहीने. प्रत्यक्ष संमती त्याने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेटीतून दिली, तीही रांगा लावून, कोणाच्या दबावाविना. पण ती नंतरची. आधी राज्य आले, मग संमती.

१९५६ मध्ये पुन्हा तेच झाले. राज्य पुनर्रचनेत मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे, तसेच देगलूरमधली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे पलीकडे गेली. त्यांच्यासोबत गोदाकाठचे बासरही गेले. धर्माबाद इकडे राहिले. इस्लापूर आणि किनवट इकडे आले. बिदरमधून अहमदपूर, निलंगा, उदगीर आले. शिरगणतीतले भाषेचे आकडे बघून रेघ मारली गेली. गावाने हात वर करून मत दिले, असे कुठे झाले नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, ते बंधनकारक नसते आणि गावाच्या मताला तर त्यात स्थानच नाही. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा काढून नवे राज्य करायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्या घटनाकारांनी फाळणीची आग डोळ्यांसमोर ठेवून मध्यवर्ती सत्ता जाणीवपूर्वक बळकट केली. ते समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे एक जबाबदारीही आली. ज्याला विचारले नाही, त्याच्याशी दिलेला शब्द अधिक काटेकोरपणे पाळायचा.

शब्द दिला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा आणि विदर्भाला निधी, नोकऱ्या आणि उच्च शिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे ठरले. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचे कलमही त्यात होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते अनुच्छेद ३७१(२) मध्ये उतरले. पण कसे उतरले, ते वाचण्यासारखे आहे. राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू ‘शकतील’. विकास मंडळे आणि निधीचे न्याय्य वाटप यांची ती जबाबदारी, आणि वाटपही एकूण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती लांबवली गेली नाही. तेव्हा ना मुंबईत कोणाला घाम फुटला, ना बिलोलीच्या शेतकऱ्याला न्यायालयाच्या पायरीवर उभे राहून ‘माझा हक्क गेला’ असे म्हणता आले. कारण तो हक्क नव्हताच. ते पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांना दिलेले आश्वासन होते.

अमेरिकेच्या पायाभरणीतली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट इथेच आहे. तिथेही राज्यघटना मंजूर करताना अनेकांनी हात आखडता घेतला. १७८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने संमती दिली ती दुरुस्त्यांची यादी जोडून. त्या दुरुस्त्यांचे आश्वासनही हवेत विरले असते. पण १५ डिसेंबर १७९१ पर्यंत दहा दुरुस्त्या घटनेत लिहिल्या गेल्या आणि पुढे नागरिक त्या हाती घेऊन न्यायालयात जाऊ लागला. संमतीच्या बदल्यात दिलेला शब्द पुढाऱ्यांच्या सद्भावनेवर टांगता न ठेवता नागरिकाच्या हातात ठेवला, हे त्या पायाचे बळ.

त्या पायात तडाही होता. त्याच घटनेत गुलामाची गणती तीन पंचमांश माणूस अशी होती. टॉमस पेनच्या लिखाणाने भारावलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीचा अंत करणाऱ्या अमेरिकनांना. करार करणाऱ्यांना नव्हे, करारातला अन्याय मोडणाऱ्यांना. संमतीपेक्षा माणसाचा जन्मसिद्ध हक्क वडील, हे फुल्यांनी ओळखले होते.

मराठवाड्याने हे ओळखायला फार उशीर केला. हैदराबादवरच्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे ओढवले, त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचे नाव घेतले. नव्या कराराने राखायची पहिली गोष्ट म्हणजे जीव, आणि तोच एका समाजापुरता राखला गेला नाही. तीस वर्षांनी, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. ‘मराठवाड्याला न विचारता’ ठराव झाला, अशी हाकाटी उठली आणि दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. संमतीची भाषा अशीही वापरता येते. बहुसंख्यांच्या रुकाराला जन्मसिद्ध हक्कांचे कुंपण नसेल तर संमती हेच हत्यार होते. म्हणून ‘आम्हाला विचारा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने गावकुसाबाहेरच्यांना आपण कधी विचारले, याचाही हिशेब द्यावा.

हा सारा हिशेब मांडून मग सीमेवरच्या मागणीकडे पाहावे. ती द्रोह नाही. ती अर्ज आहे. ज्याच्या अर्जाला उत्तर येत नाही तो निघून जाण्याची भाषा बोलतो. पण त्या मागणीतही एक गफलत आहे. योजना आणि हक्क यांत फरक असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी नांदेडला सभा घेतली. डिसेंबरमध्ये त्यांची सत्ता गेली, पुढे ‘रयतू बंधू’चे नावही बदलले. बोधनजवळचा शक्करनगरचा निजाम साखर कारखाना, एकेकाळी पंचक्रोशीची शान, २०१५ च्या अखेरीस बंद पडला. नदीपलीकडे सगळेच हिरवे नाही. आणि पाण्याच्या बाबतीत तर दोन्ही काठांचा शेतकरी सारखाच बाहेरचा. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे ऐन पावसाचे पाणी खाली वाहून जाणार. त्या खटल्यात पक्षकार होती राज्ये. बंधाऱ्यावर ज्याचे पीक अवलंबून, तो बातमी वाचणारा.

शब्दाचे हक्कात रूपांतर कसे करायचे, हे महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा अधिकार मिळाला. देशाने तो कित्ता नंतर गिरवला. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळणे हा हक्क झाला, उशीर केला तर अधिकाऱ्याला दंड. म्हणजे आज बिलोलीच्या माणसाला दाखला हक्काने मागता येतो, सिंचनातला वाटा मागता येत नाही.

तोही मागता यावा असा कायदा विधिमंडळाने करावा. निधीचे वाटप तालुकानिहाय जाहीर व्हावे, विकासाच्या अनुशेषाची मोजणी ठरल्या वर्षी व्हावी आणि ती न झाल्यास कोणाही नागरिकाला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात दाद मागता यावी. विकास मंडळे राज्यपालांच्या मर्जीवर न राहता कायद्याने कायम असावीत. याला सीमा हलवावी लागत नाही, घटना बदलावी लागत नाही. लागते ती फक्त दिलेला शब्द लिहून देण्याची तयारी. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, याचे आपण दरवर्षी कौतुक करतो. बिनशर्त आलेल्याला बेहिशेबी वागवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बिलोलीला तेव्हा कोणी विचारले नव्हते. निदान आता ती विचारते आहे, तर तिला उत्तर देणे महाराष्ट्रावर बंधनकारक आहे.